जॉन थॉर्पने वाडे रचले, की नुसते कागदावर काढले?

मांडवीकाठ (पणजी): मी वास्तुशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एलिझाबेथकालीन इंग्लंडविषयी वाचताना जॉन थॉर्प हे नाव सतत भेटते. जुन्या लेखनात तो कित्येक मोठ्या वाड्यांचा वास्तुकार, तर नव्या लेखनात केवळ आरेखक आणि भूमापक. कोणते ग्राह्य धरावे?

चिरेबंदी (मडगाव): नवे. थॉर्पच्या आराखड्यांची वही लंडनच्या सर जॉन सोन संग्रहालयात आहे. १७८० मध्ये इंग्रज लेखक होरेस वॉल्पोलने तिची माहिती छापली आणि ज्याच्या वहीत आराखडा, त्यानेच घर रचले, असा समज रूढ झाला. वास्तुइतिहासकार जॉन समरसन यांनी १९६६ मध्ये वही संपादून प्रसिद्ध केली, तेव्हा उभ्या घरांची मोजणी, फ्रेंच पुस्तकांतून उतरवलेले नकाशे आणि त्याच्या स्वतःच्या कल्पना तिच्यात शेजारीशेजारी नांदत असल्याचे स्पष्ट झाले. थॉर्प हा नॉर्दम्प्टनशायरमधल्या गवंड्याचा मुलगा. १५८३ ते १६०१ राजदरबाराच्या बांधकाम खात्यात कारकून, पुढे जमिनीचा मोजणीदार. किर्बी हॉल या तिथल्याच वाड्याच्या आराखड्यावर त्याने नोंदवले आहे, की १५७० मध्ये तिथला पहिला दगड आपण बसवला. तेव्हा तो जेमतेम पाच वर्षांचा. कामावरच्या वडीलधाऱ्यांनी पोराच्या हातून मुहूर्त करून घेतला असावा.

फीतवाला (फोंडा): मी जुन्या घरांची मोजणी करतो. राजांगणाचे, म्हणजे घराच्या मधल्या चौकाचे, दोन कर्ण मोजले, तर ते क्वचितच सारखे भरतात. चिऱ्यांची एखादी भिंत टोकाला चार बोटे आत सरकलेली असते. पक्की प्रत काढताना मात्र हात आपोआप सारे काटकोनात आणतो, आणि मग तो नव्या घराचा नकाशा की जुन्याची मोजणी, हे वर्षभराने मलाही सांगता येत नाही. खाली सही माझीच असते. दोनशे वर्षांनी तो कागद कोणाला सापडला, तर फोंड्यातले निम्मे वाडे माझ्या नावावर चढतील.

मांडवीकाठ: मग निःशंकपणे त्याची म्हणावी अशी एकही रचना नाही?

चिरेबंदी: वहीतच एक आहे. तेव्हा ‘जे’ऐवजी ‘आय’ लिहिण्याची पद्धत होती. म्हणून ‘आय’ आणि ‘टी’ ही आपली आद्याक्षरे जोडून त्याने घर आखले आणि हे माझ्या राहण्यासाठी, असे यमक जुळवून सोबत लिहिले. ‘आय’मध्ये घरकामाच्या खोल्या ठेवल्या आहेत, ‘टी’मध्ये राहण्याच्या.