पोर्ट ब्लेअर ते लेह: विमानानं नेमकं किती लांब?

त्रिमूर्तीनगरची आई
नमस्कार मंडळी. मुलगा पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) आणि मुलगी लेहला नोकरीला. आम्ही दोघं इथे नागपुरात. यंदा राखीला तो बहिणीकडे जायचं म्हणून राहिला आहे. मोबाइलवर तिकिटं पाहिली तर वेळेचा काही ताळमेळच नाही, कुठे कुठे तर दीड दिवस दाखवतात! अंतर आहे तरी किती? थेट विमान असतं तर किती वेळात पोचला असता? सुट्टी मोजकीच आहे हो त्याची.

सोनेगावकर
ताई, मी हवामान खात्यातून निवृत्त झालो, नकाशे हाताळण्यातच जन्म गेला. हा हिशेब वहीवर होतो. लेह ३४.१ उत्तर अक्षांशावर, पोर्ट ब्लेअर ११.६ वर. फरक साडेबावीस अंश. एक अंश म्हणजे १११ किमी, म्हणजे दक्षिणोत्तर २,५०० किमी. रेखांशात फरक १५.२ अंशांचा, आपल्या पट्ट्यात रेखांशाचा अंश साधारण १०२ किमीचा, म्हणून पूर्व-पश्चिम १,५५० किमी. दोन्हींचा कर्ण काढा: सुमारे २,९४० किमी. जेट विमान ताशी आठशेच्या आसपास उडतं. चढण्या-उतरण्याचा अर्धा तास धरला तर चार तासांचं काम.

पण थेट विमान नाही. आता गंमत बघा. पोर्ट ब्लेअर-दिल्ली २,४८५ किमी आणि दिल्ली-लेह ६२०, मिळून ३,१०५. वळसा फक्त १६५ किमीचा! म्हणजे वेळ अंतरात जातच नाही, सगळा दिल्लीत बसून राहण्यात जातो. लेहची विमानं बहुतेक सकाळचीच असतात, कारण दुपारनंतर खोऱ्यात वारा जोर धरतो, आणि ऊन चढलं की तिथली मुळातच विरळ हवा आणखी विरळ होते, विमानाला वजन पेलवत नाही. पोर्ट ब्लेअरहून निघालेला माणूस त्याच सकाळी दिल्लीत पोचून लेहचं विमान कसा गाठणार? रात्रीचा मुक्काम दिल्लीत धरूनच चाला. तो दीड दिवस त्यामुळेच दिसतो.

महाल_ते_लडाख
काकू, आम्ही तीन वर्षं लेहला होतो. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर काढायला सांगा. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान लेट झालं, तर पुढचं तिकीट वाया जातं. दुसरं म्हणजे तो समुद्रकाठावरून थेट ३,२५६ मीटरवरच्या विमानतळावर उतरणार. पहिले दोन दिवस घरीच पडून राहू द्या. भरपूर पाणी प्यायचं, जिने चढायचे नाहीत. डोकं जास्तच दुखलं, धाप लागली तर लगेच डॉक्टर. राखी बांधा, पण फिरायला तिसऱ्या दिवशी काढा. परतीच्या तारखेत एक दिवस हाताशी ठेवा, लेहची विमानं हवामानामुळे रद्द होतात.

त्रिमूर्तीनगरची आई
खूप आभार. सोनेगावकर भाऊ, येताना नागपूरवरून आला तर?

सोनेगावकर
लेह-नागपूर १,४६० आणि नागपूर-पोर्ट ब्लेअर १,८००. थेट अंतरापेक्षा जेमतेम सव्वातीनशे किमी जास्त, नागपूर जवळजवळ वाटेतच आहे. मात्र विमानं दोन-तीनदा बदलावी लागतील, म्हणून इथे निदान दोन रात्री तरी राहू द्या त्याला.