‘टार बीच’सारखी चित्रगोधडी: रंगवलेल्या कापडात सुई शिरत नाही

गच्चीवरची
अमेरिकी कृष्णवर्णीय चित्रकार फेथ रिंगगोल्ड यांची ‘टार बीच’ (१९८८) ही गच्चीवरून उडणाऱ्या मुलीची चित्रगोधडी डोळ्यांसमोर ठेवून चार बाय तीन फुटांची गोधडी करतेय, विषय गिरगावातल्या चाळीची गच्ची. मांजरपाट ॲक्रिलिकने रंगवला की पुठ्ठा होतो, घडीवर भेगा पडतात. काय चुकतंय? आणि उडणारी मुलगी घेतली तर नक्कल होईल का?

सुईदोरा
गेसो (रंगाआधी द्यायचा पांढरा अस्तराचा हात) लावला असेल तर तिथेच चुकलं. मांजरपाट आधी गरम पाण्यात धुऊन खळ काढा, म्हणजे आटायचा तेवढा आटेल आणि रंग धाग्यात मुरेल. रंग आणि फॅब्रिक मीडियम (कापडावर रंग मऊ ठेवणारं द्रावण) निम्मं-निम्मं, दोन पातळ हात. नुसतं पाणी घालून पातळ केलात तर रंग कडेबाहेर पसरतो. एक दिवस वाळू द्या (आत्ताच्या पावसात दोन), मग उलट्या बाजूने वाफ बंद ठेवून इस्त्री.

टाके चेहऱ्यांवरून नेऊ नका. ॲक्रिलिकला पडलेलं भोक बुजत नाही, उसवलं तरी दिसतं. मशीनला सोळा नंबरची सुई. आत जुन्या सुती साडीचा एकच थर. काठासाठी मंगलदास मार्केट आहेच, पण शिंप्याकडच्या चिंध्या जास्त खुलतात. त्यातलं सिंथेटिक वेगळं काढा, इस्त्रीखाली गोळा होतं. टांगायला मागे चार इंची नेफा शिवून काठी घाला. कोपऱ्यांत खिळे मारलेत तर मधे झोळ येतो.

चंद्रकळा
नुसती मुलगी उडवली तर नक्कलच. रिंगगोल्डबाईंची ती मुलगी, कॅसी, उडते, कारण काळा म्हणून तिच्या वडिलांना कामगार युनियन घेत नाही. वडील बांधत असलेल्या युनियनच्या इमारतीवरून उडून ती ती इमारत वडिलांच्या नावे करते. गुलाम आफ्रिकन उडून सुटले, या जुन्या लोककथा त्यामागे आहेत. गोधडीही उगाच नाही: त्यांची खापरपणजी गुलामीत गोधड्या शिवायची, आणि बाईंनी पहिली गोधडी १९८०मध्ये आईबरोबर केली. कापडी काठाची कल्पना मात्र तिबेटी थांकांवरून (कापडी काठाची धार्मिक पटचित्रं). तुमच्या गच्चीवर कोण उडणार आणि कशावरून, ते आधी ठरवा. पतंग फार सोपा वाटतो मला.

कवंदी
जवळचं उदाहरण बघा. उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायका, मूळ आफ्रिकी वंशाच्या. त्यांची कवंदी (चिंध्यांची गोधडी) कडेपासून आत शिवत येते आणि शेवटी कोपऱ्यांना घडीची ‘फुलं’ लागतात. फुलं नसली तर कवंदी उघडी समजतात.

गच्चीवरची
मधे रंगवलेला तुकडा ठेवून भोवती कवंदी?

कवंदी
जमेल, पण झगडावं लागेल. कडेकडून येताना कापड थोडं-थोडं सरकतं आणि मधलं भोक चौकोनी उरत नाही. रंगवलेला तुकडा सगळीकडून दोन इंच मोठा ठेवा, आधी कच्चा टाका घालून बसवा, आणि चिंध्यांची शेवटची ओळ त्याच्या कडेवर चढवा.