घरच्या कुत्र्याची निगा : सोलापूरकरांचे अनुभव

कुत्र्याला घरी आंघोळ कशी घालावी, यावर सल्ल्यांची वाण नाही. परंतु त्यांतील बहुतेक सल्ले पाणी मुबलक आहे असे धरून चालतात. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, अनेकांच्या कूपनलिकेच्या क्षारयुक्त पाण्यात शाम्पूला फेस धरत नाही आणि मे महिन्यात पारा 42 अंशांच्या पुढे जातो. या परिस्थितीत ज्यांनी कुत्र्याची निगा घरीच राखली आहे, त्यांनी आपला अनुभव लिहावा. कुत्र्याची जात, केसांचा प्रकार आणि वापरलेली साधने यांचा उल्लेख अवश्य करावा; कौतुक मात्र थोडक्यात आटोपावे, ही विनंती.

जुळे सोलापूर, लॅब्राडॉर

आमच्याकडे आंघोळ महिन्यातून एकदा आणि ब्रश रोज, असा क्रम आहे. पाण्याची टंचाई हे त्याचे निमित्त असले, तरी मुबलक पाणी असते तरीही मी हाच क्रम ठेवला असता. लॅब्राडॉरच्या अंगावर केसांचे दोन थर असतात : वरचा राठ आणि आतला मऊ, दाट. ऋतू बदलताना आतली लव भराभर गळते, आणि ती ब्रशने आधी काढली नाही तर ओली होऊन कातडीलगत बसते व मग कितीही पाणी ओतले तरी आतपर्यंत पोहोचत नाही. कोरडे विंचरून घेतले की दोन बादल्यांत काम होते. शाम्पू मगभर पाण्यात आधी कालवून घ्यावा, म्हणजे तो सगळीकडे सारखा लागतो आणि निघतोही लवकर. शाम्पू कुत्र्यांसाठीचाच हवा, कारण माणसाची त्वचा अधिक आम्लधर्मी असते आणि आपल्या साबणाने कुत्र्याची कातडी कोरडी पडून खाजते.

उन्हाळा लागला की शेजारीपाजारी केस मुळापासून उतरवण्याचा सल्ला देतात. आमच्या पशुवैद्यांनी त्याला स्पष्ट नकार दिला. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर टाकतो आणि केसांचा थर उन्हाची झळ अडवतो. शिवाय दुहेरी थराचे केस एकदा उतरवले की पुन्हा नीट उगवतीलच, याची हमी नसते.

अशोक चौक, पॉमेरियन

वरील मताशी सहमत आहे. लांब केसांच्या कुत्र्यात कानांमागे आणि पुढच्या पायांच्या बगलेत जटा होतात. त्या कात्रीने कापू नयेत. जटेबरोबर कातडी वर ओढली जाते आणि ती केसांत दिसत नाही. जट मुळाशी चिमटीत धरून टोकाकडून थोडी थोडी सोडवावी. पुसण्यासाठी आम्ही यंत्रमागाच्या कारखान्यातून दुय्यम प्रतीचे टॉवेल आणतो. सोलापुरात राहण्याचा एवढा तरी लाभ घ्यावा.

मंगळवेढा तालुका, कारवान

आमच्या कुत्र्याचे केस इतके आखूड आहेत की रबरी हातमोजा फिरवला की काम संपते. खरा त्रास कुसळांचा आहे. पावसाळ्यानंतर बांधावरचे गवत वाळले की कुसळ बोटांच्या बेचक्यात शिरते, आणि त्याचे बारीक काटे मागे वळलेले असल्यामुळे ते फक्त पुढे सरकते, आपोआप बाहेर येत नाही. म्हणून त्या दिवसांत शेतातून परतल्यावर प्रत्येक पंजा उलटा धरून बोटे फाकवून पाहावीत. कुत्रा एकच बेचके सारखे चाटू लागला, किंवा एकाएकी डोके झटकू लागला, तर पशुवैद्यांकडे न्यावे. कानात शिरलेले कुसळ घरी शोधण्याच्या भानगडीत पडू नये.

होटगी रस्ता, गावठी

गोचिडीवर कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. पूर्वी आमच्या वाड्यात रॉकेलचा बोळा फिरवण्याची पद्धत होती. ती घातक आहे : रॉकेलने कातडी भाजते आणि कुत्रा ते चाटतो. चिमट्याने गोचीड कातडीलगत पकडून सरळ वर ओढावी, पिळू नये, बोटांनी चिरडू नये आणि साबणाच्या पाण्यात टाकावी. कानाच्या पाळीची आतली बाजू, मानेचा पट्टा आणि बोटांमधील जागा या ठिकाणी ती हमखास सापडते.

मात्र कुत्रा स्वच्छ करून निम्मेच काम होते. पोट भरलेली मादी खाली उतरून भेगांमध्ये हजारोंनी अंडी घालते. आमच्या शहाबादी फरशीच्या सांध्यांत आणि भिंतीच्या कोपऱ्यांत पिल्ले दिसली, तेव्हा सांधे सिमेंटने भरून घेतले आणि कुत्र्याचे अंथरूण उकळत्या पाण्यातून काढू लागलो. औषध पशुवैद्यांनी वजनानुसार दिलेलेच वापरावे. गोचीड-तापाने कुत्रे दगावतात, त्यामुळे गोचीड निघाल्यानंतर काही दिवसांनी कुत्रे मलूल झाले किंवा जेवेनासे झाले, तर रक्ततपासणी लांबणीवर टाकू नये. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन असलेले औषध टाळावे. कुत्र्याला चालणारे ते औषध मांजराला विषारी ठरते.

विजापूर रस्ता, वयस्कर लॅब्राडॉर

म्हातारे कुत्रे फारसे चालत नाही, म्हणून नखे झिजत नाहीत. फरशीवर टकटक ऐकू येऊ लागली की ती कापण्याची वेळ झाली, असे मी समजते. पांढऱ्या नखात आतला जिवंत भाग गुलाबी दिसतो, काळ्या नखात तो दिसत नाही; त्यामुळे काळे नख टोकाकडून पातळ पातळ कापत जावे आणि कापाच्या मध्यभागी काळसर ओलसर ठिपका दिसताच थांबावे. रक्त आलेच तर कॉर्नफ्लोअर दाबून धरावे. पायाच्या आतल्या बाजूचे वरचे नख जमिनीला टेकतच नाही. ते वाटोळे वाढून मांसात रुतते, तेव्हा इतर नखे ठीक असली तरी ते दर वेळी तपासावे. एका बैठकीत दोनच पंजे उरकावेत. उरलेले दुसऱ्या दिवशी, त्याची झोप झाल्यावर.