एल-१ च्या तरुण प्रतींवर पीक का दिसत नाहीत?

खानापूरकर:
नमस्कार. मी बेळगावात जैवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात शिकतो. प्रकल्पासाठी मानवी पेशींचा, एका प्रथिनाच्या चिप-सीकचा (प्रथिन डीएनएवर कुठे बांधले जाते हे शोधणारी पद्धत) सार्वजनिक डेटा घेतला आहे. रीड (डीएनएच्या तुकड्यांचे वाचलेले क्रम) ५० बेसचे आणि तुकड्याच्या एकाच बाजूचे आहेत. बोटाय २ या प्रोग्रॅमने मॅपिंग करून (रीड जीनोमवर कुठे बसतो ते शोधून) मॅपिंग क्वालिटी, म्हणजे त्या जागेबद्दलच्या खात्रीचा आकडा, ३० पेक्षा कमी असलेले रीड गाळले, तर एल-१ कुटुंबाच्या (जीनोममध्ये स्वतःच्या अनेक प्रती पसरवणारा डीएनए-क्रम) जुन्या प्रतींवर पीक (रीडच्या गर्दीचे उंचवटे) दिसतात आणि तरुण प्रतींवर जवळपास काहीच उरत नाही. न गाळता पाहिले, तर जिकडे तिकडे पीकच पीक. अनेक ठिकाणी बसणारे रीड सरळ टाकून द्यावेत, असे आमच्या सरांचे मत आहे. मग हे प्रथिन जुन्याच प्रतींना बांधले जाते, असा निष्कर्ष लिहिता येईल का?

निपाणीकर:
तसा निष्कर्ष कृपया लिहू नका, कारण तो प्रथिनाचा गुण नसून चाळणीचा परिणाम असू शकतो. जुन्या प्रतींत काळाच्या ओघात बदल साठलेले असतात, त्यामुळे ५० बेसचा तुकडाही नेमका ओळखता येतो; तरुण प्रती मात्र एकमेकींशी इतक्या जुळतात की रीड कोणत्या प्रतीतून आला हे त्याच्यावरून कळतच नाही. गावाचे नाव न घालता नुसते 'मारुती गल्ली' लिहिलेले पत्र आपल्या भागात कुठे पोहोचवायचे, तसाच हा पेच आहे. अशा वेळी बोटाय २ बरोबरीच्या जागांपैकी एक यादृच्छिकपणे निवडतो आणि क्वालिटी ० किंवा १ देतो. म्हणून न गाळलेल्या फाइलमधील एकेका प्रतीवरच्या पीकवरही भरवसा ठेवू नये.

आधी प्रश्न ठरवा. 'या कुटुंबाला प्रथिन बांधले जाते का' एवढेच हवे असेल, तर सर्व रीड ठेवून कुटुंबनिहाय मोजणी करा आणि इनपुटशी (प्रथिनानुसार न निवडलेल्या डीएनएचा तुलनेचा नमुना) गुणोत्तर काढा. 'नेमकी कोणती प्रत' हे हवे असेल, तर आजूबाजूच्या, एकाच ठिकाणी बसणाऱ्या रीडच्या घनतेवरून संदिग्ध रीडची वाटणी करणारी सीएसईएमसारखी पद्धत आहे. मात्र सुमारे ६,००० बेसच्या पूर्ण एल-१ च्या मध्यभागी असे शेजारी रीडच नसतात, तिथे तिचाही इलाज चालत नाही. दोन्ही बाजूंचे रीड असते, तर निदान कडेच्या जागा पक्क्या करता आल्या असत्या.

शहापूरवाला:
वरील उत्तराशी सहमत आहे. एक भर घालतो: संदर्भ-जीनोमही (ज्याच्याशी रीड जुळवतो तो प्रमाण जीनोम) तपासा. ज्या क्रमाच्या प्रती पेशीत अनेक, पण संदर्भात एकच, तिथे सगळे रीड एका जागी गोळा होतात आणि खोटे उंच पीक उभे राहते. इनपुटमध्येही तोच डोंगर दिसला, तर त्या पीकला काही अर्थ नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टी-टू-टी सीएचएम-१३ (गुणसूत्रांच्या टोकापासून टोकापर्यंत वाचलेला मानवी जीनोम) या संदर्भात सुमारे २० कोटी बेसची भर पडली असून त्यात सेंट्रोमिअरच्या आसपासचा पुनरावृत्त भाग बराच आहे. त्यावर पुन्हा मॅपिंग करणे फायद्याचे ठरेल, पण एकसारख्या प्रतींचा पेच त्याने सुटत नाही.

खानापूरकर:
आपणा दोघांचे आभार. कुटुंबनिहाय मोजणीच करतो. इनपुटचे रीड मात्र ३६ बेसचे आहेत, ते चालतील का?

निपाणीकर:
तसेच वापरू नका. आखूड रीड जास्त ठिकाणी बसतात, त्यामुळे तुलना तिथेच बिघडते. चिपचे रीडही आधी ३६ बेसपर्यंत कापा, मग दोन्ही फाइली एकाच सेटिंगने मॅप करा.