स्वमग्न मुलांच्या उपचारांतील खेळ : नाशिककरांचे अनुभव

स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान झाले की घराचे वेळापत्रक स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे जमावीत म्हणून दिले जाणारे उपचार) यांनी भरून जाते आणि मुलाचे खेळणे उरल्यासुरल्या वेळेवर ढकलले जाते. ज्यांच्याकडे खेळ हाच उपचाराचा भाग झाला, त्यांनी कोणता खेळ, कसा खेळला आणि त्यातून मुलाला काय मिळाले, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

एक आई, इंदिरानगर
माझा मुलगा खेळण्यातली गाडी उलटी करून तिचे चाक फिरवत बसे. थेरपिस्टताईंनी गाडी काढून घेऊ दिली नाही. उलट त्याच्याशेजारी जमिनीवर बसून मीही दुसरे चाक फिरवावे, असे सांगितले. या पद्धतीला फ्लोअरटाइम म्हणतात. ती अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ स्टॅन्ली ग्रीनस्पॅन आणि मानसशास्त्रज्ञ सेरेना वीडर यांनी मांडली. पुढाकार मुलाचा असतो, मोठ्यांनी त्याच्या आवडीत शिरायचे असते. काही दिवस त्याने माझी दखलच घेतली नाही. मग मी फिरत्या चाकावर हलकेच बोट ठेवू लागले, तेव्हा तो आधी बोटाकडे, नंतर माझ्या तोंडाकडे पाहू लागला आणि एके दिवशी त्याने माझा हात धरून स्वतःच चाकावर ठेवला. वस्तू आणि माणूस या दोहोंकडे मिळून लक्ष देणे हा पुढे येणाऱ्या भाषेचा पाया असतो, हे मला तेव्हा समजले.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट, गंगापूर रोड
वरील अनुभवाला मी झोक्याची जोड देते. अमेरिकेतील ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन आयर्स यांच्या संवेदी एकात्मीकरणाच्या, म्हणजे स्पर्श, तोल, हालचाल अशा संवेदनांचा मेंदूने मेळ घालण्याच्या, विचारात झोक्याला मोठे स्थान आहे. मागेपुढे संथ लयीत हलणारा झोका बहुतेक मुलांना शांत करतो, गरगर फिरणारा उत्तेजित करतो. मात्र एकाला सुखावणारी हालचाल दुसऱ्याला असह्य होऊ शकते, म्हणून दुसऱ्याच्या मुलाचे पाहून आपल्या घरी तेच करू नये. झोका मध्येच थांबवून मी वाट पाहते. मुलाने पाहिले, पाय हलवले किंवा ‘अजून’ म्हटले, तरी ती मागणीच समजून मी झोका पुन्हा देते.

एक वडील, नाशिक रोड
आमचा मुलगा मोठा आहे आणि त्याला आगगाड्यांशिवाय दुसरे काही सुचत नाही. डॅनियल लेगॉफ या मानसशास्त्रज्ञांनी रूढ केलेल्या लेगो थेरपीत तीन भूमिका असतात : एकाने चित्र पाहून सूचना द्यायच्या, दुसऱ्याने ठोकळे शोधून द्यायचे, तिसऱ्याने जोडायचे. दोन चुलत भावंडांसह तो स्टेशन बांधतो. ठोकळे देणाऱ्याला थांबावे लागते, म्हणून ती भूमिका त्याला जड जाते. पण सूचना देताना, एरवी दोन शब्दांत उत्तर देणारा हा मुलगा ‘लाल, लांबट, खालच्या ओळीत’ असे नेमके सांगतो.

एक आजी, पंचवटी
रंगपंचमीला रहाडीवरचा, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदावरचा, गोंगाट आणि त्यात मारल्या जाणाऱ्या उड्या, म्हणजे धप्पे, माझ्या नातवाला सोसवत नाहीत. आम्ही गच्चीवर एका बादलीत रंग कालवतो. तो पेल्याने माझ्या पायावर ओततो आणि मग पेला माझ्या हाती देऊन स्वतःचा पाय पुढे करतो. एकदा त्याने, एकदा मी, ही पाळी त्याला कोणी शिकवली नव्हती.

एक आई, सिडको
माझी मुलगी भातुकलीतली भांडी आकारानुसार ओळीने मांडते. ‘खोटाखोटा चहा कर’ असा तिच्यामागे धोशा लावून, जमले की बक्षीस देण्याचा प्रयोग एका ठिकाणी झाला, तेव्हा तिने भातुकलीच सोडून दिली. माझ्या मते जिथे प्रत्येक कृतीची परीक्षा होते, तो खेळ राहत नाही. आता मी तिच्या ओळीच्या टोकाला एक वाटी ठेवते. कधी ती वाटी उचलून बाजूला करते, कधी राहू देते. अलीकडे ती पुढची वाटी माझ्याकडे मागते.