घरी भरदार वाटणारा गिटारचा टोन मंचावर का हरवतो?

प्रश्न: आमच्या रॉक बँडमध्ये दोन गिटार, बेस गिटार आणि ड्रम्स आहेत. घरी अ‍ॅम्पवर (गिटारचा आवाज वाढवणाऱ्या यंत्रावर) बास (खालचे स्वर) व ट्रेबल (वरचे स्वर) वाढवून आणि मिडल (मधले स्वर) जवळजवळ शून्यावर ठेवून मिळणारा माझा आवाज कार्यक्रमात ऐकूच येत नाही. काय बदलावे?

उत्तर १: प्रथम मिडल वाढवावा. कमी आवाजात आपल्या कानांना खालच्या आणि अगदी वरच्या कंप्रता (फ्रिक्वेन्सी) क्षीण भासतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते. म्हणून घरी आपण त्या वाढवतो आणि मंचावर त्याच बेस गिटार व ड्रम्सच्या झांजांखाली गडप होतात. गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर वाजते, त्यामुळे त्याखालचा भाग निःसंकोच कापावा. एकटा ऐकताना हा टोन काहीसा नाकातला वाटेल, परंतु सेटिंग बँडसोबतच ठरवावे.

उत्तर २: गेनही (आवाज किती फाटावा हे ठरवणारे बटण) कमी करावा. अतिरिक्त डिस्टॉर्शनमुळे (आवाज फाटल्यामुळे) पिकचा (तार छेडायच्या पट्टीचा) आघात बोथट होतो आणि दोन्ही गिटार एकमेकांत मिसळून जातात.

उत्तर ३: अ‍ॅम्प जमिनीवर असल्यास तो मागे कलता ठेवावा, कारण बारा इंची स्पीकरमधील तीक्ष्ण कंप्रता सरळ रेषेत जातात, त्या तुमच्या पायांवर आणि पहिल्या रांगेवर आदळतात, तुमच्या कानांपर्यंत येतच नाहीत. अ‍ॅम्पसमोर ठेवलेला एसएम५७ माइक स्पीकरच्या मध्यभागी कर्कश वाटत असेल, तर तो स्पीकरच्या मधोमध असलेल्या गोल टोपीच्या कडेकडे सरकवावा. नवा पेडल विकत घेण्यापेक्षा याचा उपयोग अधिक होतो.