मदत हवी आहे : टेराहर्ट्झसाठी सिलिकॉनची खिडकी अधिक पारदर्शक कशी करावी?

सर्वांना नमस्कार. उच्च रोधकतेचे सिलिकॉन टेराहर्ट्झ लहरी (सूक्ष्मलहरी आणि अवरक्त यांच्यामधल्या) जवळजवळ शोषत नाही, तरीही त्याचा अपवर्तनांक 3.42 असल्यामुळे प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे 30 टक्के ऊर्जा परावर्तित होते. खिडकी म्हणून वापरलेली माझी चकती 500 मायक्रोमीटर जाड आहे आणि आतल्या आत होणाऱ्या परावर्तनांमुळे वर्णपटात साधारण दर 88 गिगाहर्ट्झला चढउतार दिसतात. त्यात नमुन्याच्या क्षीण शोषणरेषा अक्षरशः बुडून जातात.

हे परावर्तन रोखण्यासाठी पृष्ठभागावर पाव तरंगलांबी जाडीचा थर देतात; 1 टेराहर्ट्झसाठी अशा थराचा अपवर्तनांक 1.85 आणि जाडी सुमारे 40 मायक्रोमीटर हवी. दुसरा पदार्थ चिकटवण्यापेक्षा सिलिकॉनवरच सूक्ष्म चौकोनी खांब कोरून असा मेटामटेरियल थर (ज्याचा अपवर्तनांक सूक्ष्म रचनेने ठरतो) तयार करणे मला अधिक योग्य वाटते, कारण थंड केल्यावर आकुंचनातील फरकामुळे थर सुटण्याची भीती उरत नाही.

अडचण अशी आहे की मला 0.5 ते 1.5 टेराहर्ट्झ एवढा पट्टा हवा आहे आणि एकच थर तेवढ्याला पुरत नाही. खांबांमधील अंतर 40 मायक्रोमीटर ठेवल्यास विवर्तन (लहरी इतर दिशांना विखुरणे) टळते, मात्र 1.5 टेराहर्ट्झला सिलिकॉनमधील तरंगलांबी जेमतेम 58 मायक्रोमीटर असल्याने खांब आणि मधली हवा यांचा मिळून सरासरी अपवर्तनांक काढणाऱ्या सूत्रांवर कितपत विसंबावे, हा माझा मुख्य प्रश्न आहे. तसेच दोन पायऱ्यांचे खांब कोरावेत की निमुळते सुळके? ज्यांनी प्रत्यक्ष कोरीवकाम केले आहे, त्यांनी खोली आणि भिंतींचा उतार यांविषयीचा आपला अनुभव कृपया सविस्तर सांगावा.